आयसीआरसीचा युद्धकायद्याचा डेटाबेस: मोफत आणि भरगच्च, पण कोणत्या कप्प्यात हात घातलाय ते बघून वापरा

रुग्णालयावर बॉम्ब पडला, शहराला वेढा बसला, पाणीपुरवठा उडवला गेला, की 'जिनिव्हा कराराचा भंग' हे शब्द सगळीकडे उमटतात. कोणत्या कराराचा, कितव्या कलमाचा, आणि ते कलम त्या युद्धाला लागू तरी आहे का, हे सांगणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चुकीचे कलम लिहिलेले निवेदन समोरच्या सैन्याच्या विधी अधिकाऱ्याच्या हाती पडले, की त्याचे काम सोपे होते. तो चुकलेल्या कलमावर दोन ओळींचे उत्तर देतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते. म्हणून रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचा, म्हणजे आयसीआरसीचा, आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याचा ऑनलाइन डेटाबेस नीट वापरता येणे हे पत्रकार, मदतसंस्थांचे कार्यकर्ते, कायद्याचे विद्यार्थी आणि लष्करी प्रशिक्षक या सगळ्यांच्या कामाचे आहे.

निकाल आधीच सांगायचा तर मजकुराला पाचपैकी पाच, मांडणीला तीन. पैसे लागत नाहीत, नोंदणी लागत नाही, जाहिरात नाही. या विषयावर एवढा ऐवज एका जागी दुसरीकडे नाही. तक्रार एवढीच की बंधनकारक कायदा, आयसीआरसीने काढलेला निष्कर्ष आणि तज्ज्ञांचे मत या तीन वेगळ्या वजनाच्या गोष्टी इथे एकाच टाइपात, एकाच रंगात, एकमेकींच्या शेजारी दिसतात. नवखा माणूस फसतो तो इथेच.

करारांचा कप्पा

1949 चे चार जिनिव्हा करार, 1977 चे दोन अतिरिक्त प्रोटोकॉल (पहिला देशादेशांतल्या युद्धांसाठी, दुसरा अंतर्गत युद्धांसाठी), 1907 ची हेग नियमावली, 1993 चा रासायनिक अस्त्रांचा करार, 1997 चा भूसुरुंगबंदीचा, 2008 चा क्लस्टर बॉम्बवरचा, 1998 चा, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणारा रोम कायदा: जे हवे ते इथे आहे. प्रत्येक कलमाला स्वतंत्र पान आहे, ही मोठी सोय. पानाच्या पत्त्याच्या शेवटी कलमाचा आकडा असतो. तो बदलला की थेट पुढच्या कलमावर जाता येते, परत यादीत शिरावे लागत नाही.

पण याच संग्रहात 1863 ची लीबर संहिता आहे. ती अमेरिकी यादवीत लिंकन सरकारने आपल्याच सैन्यासाठी काढलेला हुकूम होती, करार नव्हे. 1874 चा ब्रसेल्स जाहीरनामा आहे, ज्याचे अनुसमर्थन (सहीनंतर देशाने करार औपचारिकपणे स्वीकारणे) कधी झालेच नाही. हवाई युद्धाचे 1923 चे हेग नियम आहेत, तेही कधी करार म्हणून स्वीकारले गेले नाहीत. सागरी युद्धावरची 1994 ची सॅन रेमो पुस्तिका आहे, ती तज्ज्ञांनी लिहिलेली. हे सारे अभ्यासाला मोलाचे, पण 'अमुक देशाने 1923 च्या हेग नियमांचे उल्लंघन केले' असे लिहिले की हसे होते. म्हणून कागदपत्र उघडल्यावर पहिली नजर त्याच्या दर्जाकडे टाकावी: अमलात आहे, ऐतिहासिक आहे, की करारच नाही.

दुसरी नजर सदस्य देशांच्या यादीकडे. चार जिनिव्हा करारांचे 196 सदस्य आहेत, म्हणजे जवळपास सगळे जग, त्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा येत नाही. पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचे तसे नाही. नागरिकांच्या संरक्षणाचे सगळ्यात तपशीलवार नियम, म्हणजे कलम 48 ते 58, याच प्रोटोकॉलमध्ये आहेत आणि अमेरिका, भारत, पाकिस्तान, इस्रायल हे देश त्याचे सदस्य नाहीत. अमेरिका आणि पाकिस्तानची नुसती सही आहे, अनुसमर्थन नाही. यादीत सहीची तारीख आणि अनुसमर्थनाची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत असते. सहीचा रकाना भरलेला दिसला म्हणून देश बांधला गेला असे समजणारे खूप.

सदस्य असलेल्या देशांतही राखीव अटींचा प्रश्न उरतोच. ब्रिटनचे उदाहरण घ्या. यादीत 1998 चे अनुसमर्थन दिसते. पण देशाच्या नावापुढची नोंद उघडली की कळते, शत्रूने नागरिकांवर गंभीर आणि जाणूनबुजून हल्ले केल्यास त्याला आवर घालण्यापुरती, एरवी कलम 51 ते 55 ने मनाई केलेली पावले उचलण्याची मुभा ब्रिटनने स्वतःकडे ठेवली आहे. ही नोंद न वाचता ब्रिटनबाबत बदल्यादाखल नागरिकांवर करायच्या हल्ल्यांच्या बंदीवर काहीही लिहू नये. नोंदी बदलतातही: युद्धकायद्याच्या उल्लंघनांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अधिकारक्षेत्र मान्य करणारी, याच प्रोटोकॉलच्या कलम 90 खालची घोषणा रशियाने 2019 मध्ये मागे घेतली.

आणखी एक बारकावा इथेच. सामान्यतः अनुसमर्थनानंतर सहा महिन्यांनी करार त्या देशाला लागू होतो, पण युद्ध सुरू असेल तर जिनिव्हा करार तत्काळ लागू होतात (चौथ्या करारात कलम 157). यादीतली तारीख आणि घटनेची तारीख यांच्यात थोडेच अंतर असेल, तर हे कलम पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि न्यायालयात किंवा अधिकृत पत्रव्यवहारात पुरावा द्यायचा असेल तर हा डेटाबेस पुरत नाही. जिनिव्हा करारांची अधिकृत नोंद स्वित्झर्लंडच्या संघीय सरकारकडे असते, रोम कायद्याची संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे. इथे बघावे, दाखला तिथून घ्यावा.

कलमांच्या मथळ्यांबद्दलही एक सावधगिरी. जिनिव्हा करारांच्या कलमांवर दिसणारी शीर्षके मूळ करारात नव्हती, ती स्विस परराष्ट्र खात्याने नंतर जोडली. अतिरिक्त प्रोटोकॉलमधली मात्र अधिकृत आहेत. त्यामुळे जिनिव्हा करारांत शीर्षकाच्या आधारे अर्थ लावू नये, कलमाचा मजकूरच धरावा.

रूढ नियमांचा कप्पा

डेटाबेसचा सगळ्यात लोकप्रिय भाग हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दलच. 1995 मध्ये रेडक्रॉस-रेडक्रेसेंटच्या 26 व्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आयसीआरसीला अभ्यास करायला सांगितले: करार केलेला असो वा नसो, सगळ्या देशांना बांधणारे रूढ नियम कोणते? 2005 मध्ये हेन्कार्ट्स आणि डॉसवाल्ड-बेक यांच्या संपादनाखाली उत्तर आले. पहिल्या खंडात 161 नियम, दुसऱ्यात त्या नियमांमागची देशोदेशीची वागणूक, म्हणजे लष्करी नियमपुस्तिका, कायदे, निकाल, सरकारी निवेदने. दोन्ही खंड डेटाबेसवर आहेत.

नियमांचे आकडे पाठ झाले की काम फार भराभर होते. 1 सैनिक आणि नागरिक यांत भेद, 7 नागरी वस्तू आणि लष्करी लक्ष्य यांत भेद, 14 प्रमाणाचे तत्त्व (नागरिकांची हानी लष्करी फायद्याच्या मानाने बेसुमार नको), 15 हल्ल्यातली खबरदारी, 20 आगाऊ इशारा, 28 वैद्यकीय केंद्रे, 53 उपासमारीचे हत्यार, 55 मदतीला वाट, 97 मानवी ढाल, 140 'त्यांनी पाळले नाही म्हणून आम्हीही नाही' या सबबीला नकार. एवढे दहा नियम ठाऊक असले तर रोजच्या बातम्यांतले बहुतेक प्रश्न हाताळता येतात.

प्रत्येक नियमाच्या पानावर नियमाखाली लगेच सारांशाचा परिच्छेद असतो. बहुतेक लोक ठळक अक्षरातला नियम उचलतात आणि तो परिच्छेद सोडून देतात. चूक तिथेच होते. नियम 21 पाहा: सारखाच लष्करी फायदा देणारी अनेक लक्ष्ये असतील तर ज्यावर हल्ला केल्याने नागरिकांना सर्वांत कमी धोका, ते निवडावे. ठळक ओळीत कुठेही शंका नाही. सारांशात मात्र म्हटले आहे की देशादेशांमधल्या युद्धात हा नियम रूढ आहे, आणि अंतर्गत संघर्षातही तो असल्याचे म्हणता येईल. हे 'म्हणता येईल' म्हणजे आयसीआरसीनेच ठेवलेली पळवाट. सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या लढाईबद्दल लिहिताना नियम 21 ठामपणे वापरला, तर समोरचा हा परिच्छेद दाखवून मोकळा होईल. निसर्गाच्या प्रचंड हानीबद्दलच्या नियम 45 मध्ये सारांश आणखी स्पष्ट आहे: पहिल्या भागाला अमेरिका सातत्याने विरोध करत आली आहे, आणि अण्वस्त्रांच्या बाबतीत फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका तिघेही. आयसीआरसीने स्वतःच्या नियमाखाली ही नोंद ठेवली, याचे कौतुक करायला हवे.

अमेरिकेने 2006 मध्ये आयसीआरसीच्या अध्यक्षांना पत्र लिहून पूर्ण पद्धतीवरच आक्षेप घेतला. लष्करी नियमपुस्तिकांवर आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या ठरावांवर अभ्यास फार विसंबतो, प्रत्यक्ष रणांगणावर देश काय करतात याला पुरेसे वजन देत नाही, हा त्याचा गाभा. आक्षेपात तथ्य आहे, पण ते सगळ्या 161 नियमांना सारखे लागू नाही. भेद, प्रमाण, खबरदारी या मूळ नियमांच्या रूढ असण्यावर गंभीर वाद नाही. वाद आहेत ते कडेच्या नियमांवर. म्हणून आमची शिफारस अशी: नियम 1 ते 24 मधले मुख्य नियम बिनधास्त वापरा, 'म्हणता येईल' असलेले वगळा किंवा त्या शब्दांसकट वापरा, आणि वाक्य 'आयसीआरसीच्या अभ्यासानुसार रूढ नियम 14' असे लिहा. नुसते 'आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम 14' असे कुठलेच दस्तऐवज अस्तित्वात नाही.

पहिला खंड 2005 चाच आहे, हेही ध्यानात ठेवायचे. नंतर भर पडली ती दुसऱ्या खंडातल्या देशोदेशीच्या माहितीत. पानावर अलीकडची उदाहरणे दिसली म्हणून नियमाचा मजकूर सुधारलेला आहे असे नव्हे.

भाष्ये: सगळ्यात मोठे बलस्थान, सगळ्यात मोठा खड्डा

कलमाच्या पानावरून भाष्यावर, म्हणजे त्या कलमाचा अर्थ उलगडणाऱ्या टिपणावर, जाता येते, आणि ही सोय केवळ अप्रतिम आहे. 1950 च्या दशकातली, पिक्टे यांच्या संपादनाखालची जुनी भाष्ये, अतिरिक्त प्रोटोकॉलवरचे 1987 चे जाडजूड भाष्य, आणि पहिल्या करारावरचे 2016, दुसऱ्यावरचे 2017, तिसऱ्यावरचे 2020 चे नवे भाष्य. ग्रंथालयात ही पुस्तके मिळणे मुश्किल आणि विकत घेणे त्याहून मुश्किल, त्यामुळे फुकट उपलब्ध असणे ही खरी सेवा.

मात्र एकाच कलमाला दोन भाष्ये असतात आणि ती नेहमी एकच गोष्ट सांगत नाहीत. कोणते उघडले आहे हे कळायची सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे पत्त्याच्या शेवटचे वर्ष. चारही करारांचे पहिले कलम सारखेच आहे: करार पाळण्याचे आणि पाळला जाईल याची खात्री करण्याचे वचन. 2016 च्या भाष्यानुसार यातून इतर देशांवरही जबाबदारी येते. युद्ध करणारा मित्रदेश कायदा मोडतोय असे दिसत असताना त्याला मदत करू नये, शिवाय त्याला आवरण्यासाठी शक्य ते करावे. 1986 च्या निकाराग्वा विरुद्ध अमेरिका खटल्यात आणि इस्रायलने व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशात बांधलेल्या भिंतीबाबतच्या 2004 च्या सल्लागार मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या कलमाला वजन दिले आहे, त्यामुळे भाष्याची बाजू लंगडी नाही. तरीही दुसऱ्या देशाला आवरण्याचे कायदेशीर बंधन या कलमातून येते हे अमेरिकेला मान्य नाही, आणि तसे तिने 2016 मध्येच जाहीर केले. शस्त्रपुरवठ्यावर लिहिणाऱ्यांनी हे कलम वापरावे, जरूर वापरावे, पण वाद कुठवर आहे हे ठाऊक असताना.

भाष्य हे कलमापुढे कसे जाऊ शकते याचा नमुना 1987 च्या भाष्यात आहे. पहिल्या प्रोटोकॉलचे कलम 51, परिच्छेद 5(ब) सांगते की नागरिकांची अपेक्षित हानी ही ठोस आणि थेट लष्करी फायद्याच्या मानाने बेसुमार असता कामा नये. इथे एका पारड्यात हानी, दुसऱ्यात फायदा. भाष्याचा परिच्छेद 1980 मात्र म्हणतो की आनुषंगिक हानी कधीच मोठ्या प्रमाणावर असू नये. म्हणजे दुसरे पारडेच काढून टाकले. मानवी दृष्टीने वाक्य पटणारे आहे. कराराचा मजकूर तसा नाही, आणि हा परिच्छेद सर्वमान्य नाही. याउलट त्याच भाष्याचा परिच्छेद 2209 रोजच्या कामाचा आहे: फायदा भरीव आणि तुलनेने लगेच मिळणारा असावा, जेमतेम जाणवणारा किंवा फार लांबच्या काळात दिसणारा फायदा हिशेबात धरू नये. 'या हल्ल्याने शत्रूचे मनोबल खचेल' अशा समर्थनाला उत्तर द्यायला हाच परिच्छेद उपयोगी पडतो. भाष्याचा संदर्भ देताना पान नव्हे, परिच्छेदाचा क्रमांक द्यावा. तो छापील आवृत्तीतही तोच असतो आणि संकेतस्थळाची रचना बदलली तरी टिकतो. जुन्या लेखांतले डेटाबेसचे दुवे लांबलचक आणि वेगळ्याच घडणीचे दिसतात, ते मधल्या काळात पत्ते बदलल्यामुळे.

एक प्रश्न शेवटपर्यंत: रुग्णालयावर हल्ला

डेटाबेस कसा चालवायचा हे एका प्रश्नावरून पाहणे बरे. शोधपेटीत नुसता रुग्णालय हा शब्द इंग्रजीत टाकू नका. कलमे, भाष्ये, वेगवेगळ्या देशांच्या नियमपुस्तिकांतले उतारे यांची सरमिसळ समोर येते आणि त्यातून वजनदार काय ते निवडणे नवख्याला जमत नाही.

पहिली पायरी डेटाबेसच्या बाहेरची आहे: युद्ध कोणाकोणात? दोन देशांत असेल, किंवा एका देशाने दुसऱ्याचा प्रदेश व्यापला असेल, तर नागरिकांच्या संरक्षणाचा चौथा जिनिव्हा करार उघडायचा. सरकार आणि सशस्त्र गट, किंवा दोन गट यांच्यात असेल तर त्या करारातले फक्त सामाईक (चारही करारांत सारखेच असलेले) कलम 3 लागू होते. दोन देशांमधल्या युद्धासाठीचे कलम 18 अंतर्गत संघर्षाला चिकटवणे ही या विषयातली सगळ्यात सार्वत्रिक चूक आहे.

देशादेशांतले युद्ध धरू. चौथ्या कराराचे कलम 18: नागरी रुग्णालयावर कोणत्याही परिस्थितीत हल्ला करता येत नाही. इथेच थांबणारे अर्धवट वाचतात, कारण कलम 19 लगेच सांगते की संरक्षण कधी संपते. रुग्णालयातून त्याच्या मानवतावादी कामाबाहेरची, शत्रूला घातक कृत्ये होत असतील तरच. तेव्हाही आधी इशारा द्यावा लागतो, योग्य त्या सर्व प्रकरणांत वाजवी मुदत द्यावी लागते, आणि इशारा धुडकावला गेल्यावरच संरक्षण जाते. घातक कृत्य कशाला म्हणायचे नाही, हेही कलमातच आहे: जखमी सैनिकांवर तिथे उपचार चालू असणे, आणि त्यांच्याकडून काढून घेतलेली, अजून संबंधित विभागाकडे न सोपवलेली छोटी शस्त्रे व दारूगोळा तिथे सापडणे. 'रुग्णालयात बंदुका सापडल्या' एवढ्यावर प्रकरण संपत नाही ते यामुळे. देश पहिल्या प्रोटोकॉलचा सदस्य असेल तर कलम 13 ही पाहावे. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या आणि रुग्णांच्या बचावासाठी हलकी व्यक्तिगत शस्त्रे बाळगणे किंवा दारावर पहारा असणे यानेही संरक्षण जात नाही. आणि उलट बाजूने कलम 12: वैद्यकीय केंद्राचा आडोसा घेऊन लष्करी लक्ष्ये वाचवता येत नाहीत.

अंतर्गत संघर्ष असेल तर सामाईक कलम 3 (जखमी-आजाऱ्यांना गोळा करून त्यांची शुश्रूषा), देश दुसऱ्या प्रोटोकॉलचा सदस्य असेल आणि गटाच्या ताब्यात प्रदेश असेल तर त्याचे कलम 11, आणि या सगळ्यांच्या जोडीला रूढ नियम 28. हा नियम दोन्ही प्रकारच्या संघर्षांना लागू आहे, त्यामुळे वर्गीकरणाचा वाद असेल तेव्हा तोच सुरक्षित.

मग येतो तो टप्पा, जो बातम्यांत जवळपास कधीच दिसत नाही. रुग्णालयाचे विशेष संरक्षण गेले असे क्षणभर मानले, तरी आतले नागरी रुग्ण आणि डॉक्टर नागरिकच राहतात. नियम 14 चे प्रमाण आणि नियम 15 ची खबरदारी उरतेच. म्हणजे तपासायच्या गोष्टी चार: घातक कृत्य होते का, इशारा व मुदत दिली का, हानी फायद्याच्या मानाने बेसुमार नव्हती ना, आणि हल्ल्याची वेळ, शस्त्र व पद्धत निवडताना काळजी घेतली का. एकाही प्रश्नाचे उत्तर हल्लेखोराच्या विरुद्ध गेले तरी कायदा मोडला. डेटाबेसवर या चार प्रश्नांना जोडणारे एकही पान नाही. ते बनवले तर मांडणीचे दोन गुण भरून निघतील.

शेवटी रोम कायद्याचे कलम 8. इथे गुन्ह्याची व्याख्या कलमभंगापेक्षा अरुंद आहे: हल्ला हेतुपुरस्सर असावा लागतो, आणि प्रमाणाच्या गुन्ह्यात हानी 'उघडच' बेसुमार असावी लागते, तीही एकूण लष्करी फायद्याच्या मानाने. 'कायदा मोडला' आणि 'युद्धगुन्हा केला' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याचा पुरावा हाती असताना दुसरे ठोकून दिले, की पहिलेही हातचे जाते.

वेढ्याचा प्रश्न थोडक्यात. उपासमारीला हत्यार बनवण्याची बंदी पहिल्या प्रोटोकॉलच्या कलम 54 मध्ये, दुसऱ्याच्या 14 मध्ये आणि रूढ नियम 53 मध्ये. चौथ्या कराराच्या कलम 23 वर भिस्त ठेवू नका. अन्नाबाबत ते फक्त 15 वर्षांखालची मुले, गरोदर आणि बाळंत स्त्रिया यांच्यासाठीच्या आवश्यक वस्तूंची वाट मोकळी करते, तीही अटींसह. व्यापलेल्या प्रदेशात मात्र कलम 59 भक्कम आहे: पुरवठा अपुरा असेल तर ताबा असलेल्या सत्तेने मदतीला संमती दिलीच पाहिजे. आणि गुन्ह्याच्या बाजूने: अंतर्गत संघर्षातील उपासमार हा गुन्हा रोम कायद्यात डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने आला, आणि ती दुरुस्ती स्वीकारणाऱ्या देशांपुरतीच आहे. सदस्यत्वाची यादी इथे मूळ कायद्याची नव्हे, दुरुस्तीची पाहायची.

देशोदेशीच्या वागणुकीचा कप्पा

संशोधकांना सोने, बाकीच्यांना दलदल. एखाद्या देशाची लष्करी नियमपुस्तिका त्याच्याच सैन्यासमोर ठेवणे हा कायदा पाळायला लावण्याचा सगळ्यात परिणामकारक मार्ग. परक्या संस्थेचे भाष्य नाकारता येते, स्वतःची पुस्तिका नाकारता येत नाही. त्यासाठी हा भाग उघडावा. पण उताऱ्याचे वर्ष पाहिल्याशिवाय एक ओळही घेऊ नये. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 2015 च्या युद्धकायदा पुस्तिकेत शंका असेल तर माणूस नागरिक समजावा, असा रूढ नियम असल्याचे नाकारले होते. जुलै 2023 च्या सुधारणेत भूमिका बदलली: लष्करी लक्ष्य असल्याची माहिती नसेल तर व्यक्ती किंवा वस्तू संरक्षित आहे असेच धरून चालायचे. जुना उतारा घेऊन अमेरिकेवर टीका करणारे आणि तिचा बचाव करणारे, दोघेही आज चुकीचे ठरतात. शिवाय हा कप्पा सगळ्या देशांसाठी सारखा भरलेला नाही. ज्या देशांची कागदपत्रे उघड असतात त्यांच्या नोंदी दाट, बाकीच्यांच्या विरळ. नोंद नाही म्हणजे त्या देशात कायदा नाही, असा निष्कर्ष काढू नये.

काय मिळणार नाही

कोणी कायदा मोडला याची यादी इथे नाही आणि येणारही नाही. आयसीआरसी युद्धातल्या पक्षांशी बंद दाराआड बोलते, त्या गोपनीयतेवरच तिला तुरुंगात आणि वेढलेल्या शहरांत प्रवेश मिळतो. कोणता संघर्ष कोणत्या प्रकारात मोडतो हे शोधायला जिनिव्हा अकादमीचा रुलॅक प्रकल्प पाहावा, मात्र प्रत्येक देशाच्या पानावरची अद्ययावत केल्याची तारीख आधी बघावी. निकाल आणि गुन्ह्यांच्या घटकांसाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा लीगल टूल्स हा डेटाबेस जास्त खोल आहे. शिकवणाऱ्यांना आयसीआरसीचेच ऑनलाइन केसबुक अधिक सोयीचे, कारण तिथे प्रत्येक प्रकरणामागे चर्चेचे प्रश्न तयार असतात. कायदा पाळल्याची उदाहरणे जमवणारे 'आयएचएल इन अ‍ॅक्शन' हे संकेतस्थळही आयसीआरसीचे. कल्पना छान, कारण सैनिकांच्या प्रशिक्षणात नुसत्या उल्लंघनांच्या कथांचा परिणाम उलटा होतो: सगळेच मोडतात, मग आम्हीच का पाळायचे?

भाषेची अडचण आहे. मराठीत यातले काही नाही. जिनिव्हा करारांचे प्रमाण मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच, अतिरिक्त प्रोटोकॉलचे अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. मराठीत लिहिताना आपला अनुवाद द्यावा, अवतरणचिन्हे घालू नयेत, आणि शेजारी कराराचे नाव, वर्ष, कलम व परिच्छेद क्रमांक द्यावा. रूढ नियम असेल तर आयसीआरसी, 2005 आणि नियमाचा आकडा. भाष्य असेल तर कोणत्या वर्षाचे आणि कितवा परिच्छेद.